झाड कुणासाठी कडू होतं?

हळदीतल्या कर्क्युमिनमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी मरतात, हे विधान खोटं नाही. प्रयोगशाळेतल्या बशीत ते अनेकदा पाहिलं गेलं आहे. हिरव्या चहातलं ईजीसीजी, द्राक्षाच्या सालीतलं रेस्वेराट्रॉल, कडुनिंबाच्या पानांचा अर्क, आपल्या दवण्याच्या जातकुळीतल्या एका चिनी वनस्पतीतलं आर्टेमिसिनिन यांच्याबद्दलही अशीच निरीक्षणं नोंदलेली आहेत. पण ही गोष्ट बशीतून निघून व्हॉट्सॲपवर आणि तिथून माजघरात पोचते, तोवर तिला एक न उच्चारलेलं शेपूट चिकटलेलं असतं: झाड आपल्या बाजूचं आहे. रसायन कारखान्यात तयार झालं तर त्याच्याकडे संशयानं पाहायचं. तेच मुळीत किंवा सालीत सापडलं तर आधी विश्वास ठेवायचा, पुरावा मागाहून आला तर बरंच. या वृत्तीला कुणी अडाणीपणा म्हणून मोकळं होईल. मला ते पुरेसं वाटत नाही. झाड आपल्या बाजूचं आहे हा सृष्टीच्या हेतूबद्दलचा दावा आहे. तो रसायनशास्त्राचा नाही, धर्मविचाराचा आहे, आणि त्याची उलटतपासणी त्याच पातळीवर व्हायला हवी. सृष्टीला आपली काळजी आहे का? नसेल, तर वनस्पतीतून आलेल्या औषधाकडे श्रद्धावान माणसानं कसं पाहावं?

या श्रद्धेची मुळं खोल आहेत आणि ती टिंगलीवारी नेण्यासारखी नाहीत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं ९७वं सूक्त ओषधींना आया म्हणून हाक मारतं. बौद्धांच्या विनयपिटकात जीवकाची गोष्ट आहे. तक्षशिलेच्या गुरूनं त्याला एक योजनाच्या टापूत हिंडून औषधी नसलेली वनस्पती शोधून आणायला सांगितलं. जीवक रिकाम्या हातानं परत आला. तशी एकही सापडली नव्हती. तुझं शिक्षण पुरं झालं, असं गुरूनं त्याला सांगितलं. चरकसंहितेतही याच आशयाचं विधान आहे. सांख्यांनी या भावनेला तत्त्वज्ञानाची बैठक दिली: प्रकृती जड आहे, तिला जाणीव नाही, तरी ती पुरुषासाठी राबते, जसं अचेतन दूध वासरासाठी स्रवतं. सांख्यांच्या मनात मोक्ष होता, काढा नव्हे. पण जड सृष्टी कुणासाठी तरी काम करते ही कल्पना एकदा रुजली की ती आजीच्या बटव्यापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. (युरोपातही तिचा चुलतभाऊ होता. अक्रोड मेंदूसारखा दिसतो, म्हणजे देवानं तो मेंदूसाठीच केला, असं तिथले विद्वान सोळाव्या-सतराव्या शतकात गंभीरपणे सांगत.) आपल्याच परंपरेत या कल्पनेला ठाम हरकत घेतली ती शंकराचार्यांनी. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात सांख्यांचं खंडन करताना ते गवताचा दाखला तपासतात. गवताचं आपसूक दूध होतं म्हणता, तर तेच गवत बैलानं खाल्लं की का होत नाही? गाईच्या पोटात गेलं तरच होतं, म्हणजे दूध होण्याचं कारण एकट्या गवतात नाही. शंकराचार्यांना तिथून चेतन ईश्वराकडे जायचं होतं. तिथवर त्यांच्यासोबत न जाताही हा तर्क उचलता येतो आणि माझं म्हणणं त्यावरच उभं आहे: औषधीपण एकट्या झाडात नसतं. मात्रा, जागा, वेळ, रोगाची अवस्था आणि परीक्षा यांची जुळणी झाली तर ते अस्तित्वात येतं. ती जुळणी माणूस करतो, म्हणून तिची जबाबदारीही माणसाची.

हा मुद्दा तपासायला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाइतकं चांगलं उदाहरण मिळणं कठीण, कारण ज्यांचं कारण इतकं नेमकं ठाऊक आहे असे कर्करोग थोडे. हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या जर्मनीतल्या गटानं १९८३ मध्ये या रोगाच्या गाठींत ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा, म्हणजे एचपीव्हीचा, १६ क्रमांकाचा प्रकार शोधला आणि पाठोपाठ १८ क्रमांकाचा. त्यासाठी त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. जगातल्या या रोगाच्या सुमारे ७० टक्के प्रकरणांना हे दोन प्रकार कारणीभूत असतात. विषाणूची ई-६ आणि ई-७ ही दोन प्रथिनं पेशीच्या दोन राखणदारांना हटवतात. ई-६ हे पी-५३ची विल्हेवाट लावतं, ई-७ हे आरबी नावाच्या प्रथिनाला निकामी करतं, आणि मग पेशीला ‘आता वाढू नकोस’ म्हणून सांगणारं कुणी उरत नाही. कर्क्युमिन किंवा ईजीसीजीमुळे या दोन प्रथिनांच्या निर्मितीला आळा बसतो, असे प्रयोगशाळेतले निष्कर्ष आहेत. त्यांत खोट काढण्यासारखं काही नाही. पण हा रोग शरीरात वागतो कसा, तेही पाहायला हवं. संसर्ग झालेल्या बहुसंख्य स्त्रियांच्या शरीरातून हा विषाणू वर्ष-दोन वर्षांत औषधाविना निघून जातो. ज्यांच्यात तो ठाण मांडतो, त्यांच्यात संसर्गापासून कर्करोगापर्यंत सहसा पंधरा-वीस वर्षं जातात आणि त्यातला बराच काळ काही दुखतखुपत नाही. भारतात २०२२ मध्ये सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे ८० हजार दगावल्या, असा अंदाज आहे. आपोआप जाणारा संसर्ग आणि गुपचूप वाढणारा रोग यांची जोडी अशी की, कुठल्याही उपायाला गुण आल्यासारखा वाटावा आणि त्याचं अपयश वीस वर्षं कुणाच्या नजरेस पडू नये.

आता झाडाकडे येऊ. झाड ही रसायनं बनवतं कशासाठी? त्याला पळून जाता येत नाही. अळी, बुरशी, चरणारं जनावर यांच्याशी लढायला त्याच्यापाशी काटे आणि रसायनं, एवढंच. कॅम्पटोथेसिनचं उदाहरण बोलकं आहे. चीनमधल्या एका झाडात ते सापडलं आणि मन्रो वॉल व मनसुख वाणी यांनी अमेरिकेत १९६६ मध्ये ते वेगळं काढून दाखवलं. हे वाणी नंदुरबारचे, १९२५ सालचा जन्म, मुंबई विद्यापीठात शिकलेले. पेशी विभागताना डीएनएचे पीळ सोडवणारं एक एन्झाइम असतं, टोपोआयसोमरेज. कॅम्पटोथेसिन त्याला ऐन कामात अडकवून ठेवतं आणि डीएनए तुटतो. पण हे एन्झाइम झाडाच्या पेशीतही असतं. मग झाड स्वतःच्या विषानं मरत कसं नाही? २००८ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी याचा उलगडा केला. कॅम्पटोथेसिन बनवणाऱ्या वनस्पतींत या एन्झाइमची घडण मोक्याच्या जागी थोडीशी बदललेली आहे, त्यामुळे विष त्याला धरू शकत नाही. माणसाच्या एन्झाइममध्ये हा बदल नाही. या सगळ्या व्यवहारात आपण कुठे बसतो ते पाहावं. झाडानं स्वतःपुरता उतारा करून ठेवला आहे आणि त्या एन्झाइमपुरतं बोलायचं तर आपण झाडाच्या बाजूला नसून अळीच्या बाजूला आहोत. झाड कडू होतं ते आपल्यासाठी नव्हे. झालंच तर आपल्याविरुद्ध.

आणि तरीही त्या विषाचं औषध झालं. कसं झालं, तेही पाहण्याजोगं आहे. १९७०च्या सुमारास कॅम्पटोथेसिन रुग्णांना देऊन पाहिलं तेव्हा मूत्राशयातून रक्तस्राव, तीव्र जुलाब असे परिणाम झाले आणि प्रयोग थांबवावे लागले. पुढे ते नेमकं कुठे काम करतं हे कळलं, रेणूत फेरफार केले गेले, आणि त्यातून टोपोटेकॅन तयार झालं. २००६ मध्ये अमेरिकेत ते सिस्प्लॅटिन या औषधाच्या जोडीनं बळावलेल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी मान्य झालं. ज्या चाचणीवरून ते मान्य झालं तिच्यात एकट्या सिस्प्लॅटिनवर मध्यम आयुर्मान ६.५ महिने होतं, जोडीनं दिल्यावर ९.४ महिने. तीन महिन्यांचा फरक. याला चमत्कार म्हणता येत नाही, पण तो मोजलेला आणि खरा आहे. वॉल आणि वाणी यांनीच पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल काढलं, १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली, आणि आज या रोगाच्या पुढच्या अवस्थेतल्या उपचारांत पॅक्लिटॅक्सेल या नावानं ते सर्रास दिलं जातं. तेव्हा वनस्पतींतून या कर्करोगावर औषध मिळेल का, हा प्रश्न जरा उशिरा विचारलेला आहे. ते मिळालेलं आहे. ते शिरेतून देतात, त्यानं केस जातात, हातापायांना मुंग्या येतात. ज्याला लोक ‘केमो’ म्हणून घाबरतात आणि ज्याला ‘झाडपाला’ म्हणून जवळ करतात, ते पुष्कळदा एकाच फांदीवरचं असतं.

चरकसंहितेला हे नवं वाटलं नसतं. तिच्या पहिल्याच अध्यायात म्हटलं आहे की, गुराखी, मेंढपाळ आणि रानात राहणारे लोक वनस्पतींना नावानं आणि रूपानं ओळखतात, पण तेवढ्यानं औषध कळत नाही. देश, काळ आणि समोरचा माणूस पाहून योजना करणाऱ्यालाच ते कळतं. (गुराख्यांना थोडं कमी लेखणारा हा सूर मला रुचत नाही, पण मुद्दा पक्का आहे.) तिथेच पुढे म्हटलं आहे की, नीट योजलं तर तीक्ष्ण विषही उत्तम औषध होतं आणि वाईट योजलं तर औषधाचंही विष होतं. जीवकाची गोष्टही या अंगानं पुन्हा वाचायला हवी. प्रत्येक वनस्पती औषधी असेल, तर ‘ही वनस्पती औषधी आहे’ या वाक्यातून नवीन काहीच कळत नाही. प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. हिरव्या चहाचंच घ्या. त्यातल्या ईजीसीजीसारख्या कॅटेचिनांचं मलम अमेरिकेत २००६ मध्ये गुप्तांगावरच्या बाहेरच्या चामखिळींसाठी मान्य झालं. त्या चामखिळीही एचपीव्हीमुळेच होतात, वेगळ्या प्रकारांमुळे. मलम काम करतं. मग त्याच चहाचा अर्क पोटातून दिला तर गर्भाशयमुखातला संसर्ग जाईल का? चिवट संसर्ग आणि सौम्य बदल असलेल्या ९८ स्त्रियांवर तशी चाचणी झाली, चार महिने. २०१४ मध्ये निष्कर्ष आले: प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली मात्रेपेक्षा, काही फरक नाही. तीच वनस्पती, त्याच कुळातला विषाणू. त्वचेवर एक निकाल, पोटातून दुसरा. हळदीचं गणित तर घरच्या घरी करता येतं. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असतं. तैवानमध्ये २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना दिवसाला ८ ग्रॅमपर्यंत कर्क्युमिन दिलं गेलं, म्हणजे हळदीच्या हिशेबात पाव किलोहून जास्त. तरी रक्तात ते बशीतल्या प्रयोगांत वापरतात त्याच्या मानानं फारच थोडं उतरलं. आतड्यातून ते नीट शोषलंच जात नाही आणि जे शोषलं जातं त्याचं यकृत झटपट रूपांतर करून टाकतं. दुधात चमचाभर हळद घालून पिण्यानं घशाला बरं वाटत असेल. गर्भाशयमुखापर्यंत त्यातलं काय पोचतं, याचं उत्तर वरच्या गणितात आहे.

मग परीक्षा कशी करायची? कोलकात्याच्या चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्थेतली एक चाचणी इथे बारकाईनं पाहण्याजोगी आहे. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्हीचा संसर्ग असलेल्या, पण पेशींत गंभीर बदल न झालेल्या २८७ स्त्रियांचे चार गट केले. एका गटाला ‘बसंत’ नावाचं मलम, त्यात कर्क्युमिन, आवळा, रिठा, कोरफड. दुसऱ्याला औषध नसलेलं मलम. तिसऱ्याला योनिमार्गात ठेवायची कर्क्युमिनची कॅप्सूल, चौथ्याला औषध नसलेली कॅप्सूल. तीस दिवस उपचार आणि मग पुन्हा तपासणी. बसंत वापरलेल्यांपैकी ८७.७ टक्के स्त्रियांमध्ये विषाणू सापडला नाही, कर्क्युमिन वापरलेल्यांपैकी ८१.३ टक्क्यांमध्ये. एवढ्यावर थांबलं तर जाहिरात तयार आहे. पण ज्यांना औषध मिळालंच नव्हतं, त्यांच्यापैकी ७३.३ टक्के स्त्रियांमधूनही विषाणू गेला होता. म्हणजे बसंत वापरून बऱ्या झालेल्या दर ८८ जणींपैकी सुमारे ७३ जणी तशाही बऱ्या झाल्याच असत्या. उरलेल्या पंधरा-एक जणींचा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला. एकट्या कर्क्युमिनचा उतरला नाही. आपले नैयायिक कार्यकारण ठरवायला अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही मागतात: औषध आहे तिथे गुण आहे, आणि औषध नाही तिथे गुण नाही. दुसरा भाग न पाहता पहिल्यावर विसंबलं तर कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, असं होतं. चाचणीतला प्लासिबोचा गट म्हणजे हा व्यतिरेक प्रत्यक्षात उतरवलेला. तो नसता तर काय झालं असतं? शंभर स्त्रिया एखाद्या वैद्याकडे आल्या असत्या, त्यानं पिवळं पाणी दिलं असतं, आणि त्यातल्या सत्तरहून अधिक जणींनी त्याला दुवा दिला असता. वैद्य प्रामाणिक, स्त्रिया प्रामाणिक, अनुभव खरा, आणि निष्कर्ष चुकीचा. ‘मला गुण आला’ या वाक्याला खोटं न म्हणताही ते पुरावा म्हणून का चालत नाही, हे इथे उघड होतं.

यावर पहिला आक्षेप परंपरेचा असतो: हजारो वर्षांच्या अनुभवाला काहीच किंमत नाही का? आहे. आपल्या दर्शनांनी शब्दाला प्रमाण मानलं आहे, पण शब्द कुणाचा, हेही सांगितलं आहे. आप्त तो, ज्यानं ती गोष्ट साक्षात जाणली आहे आणि जो ती जशीच्या तशी सांगू इच्छितो. जुन्या वैद्यांचा प्रामाणिकपणा मान्य करूनही विचारावं लागतं की, या रोगात त्यांनी काय साक्षात पाहिलं असेल? चरकसंहिता स्त्रियांचे वीस योनिरोग वर्णन करते. ते लक्षणांचं वर्णन आहे आणि लक्षणं दिसतात तेव्हा या कर्करोगाला रोखण्याची वेळ बहुधा टळून गेलेली असते. पेशींतले सुरुवातीचे बदल सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत आणि हा रोग घडवणारा विषाणू तर १९८३ पर्यंत कुणाला सापडला नव्हता. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल परंपरेच्या तोंडी साक्ष घालणं हा परंपरेचा सन्मान नव्हे. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांचं उदाहरण या आक्षेपाच्या बाजूनं दिलं जातं, आणि ते चांगलं आहे. चौथ्या शतकातल्या गे हाँग यांच्या ग्रंथातली नोंद वाचून त्यांना वनस्पती कमी तापमानात ठेवून अर्क काढायची कल्पना सुचली, १९७२ मध्ये हिवतापावरचं आर्टेमिसिनिन हाती लागलं आणि त्यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं. पण त्या ग्रंथातल्या तापावरच्या वनस्पतींपैकी कुठली टिकेल, हे ग्रंथ सांगू शकत नव्हता. ते चाचणीनं सांगितलं. हळदीच्या पेटंटबद्दलही असाच घोटाळा होतो. हळदीनं जखम भरते यावर अमेरिकेत दिलेलं पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेनं आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करवलं. तो न्याय झाला. पण त्या लढ्यात सिद्ध झालं ते एवढंच की, हे आम्ही आधीपासून म्हणत आलो आहोत. हळदीनं कर्करोग बरा होतो हे त्यानं सिद्ध झालं नाही, आणि माशेलकरांनी तसा दावाही केला नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक विचारात घेण्यासारखा आहे: तुम्ही वनस्पतीचे तुकडे करता, एकेक रेणू वेगळा काढता आणि मग गुण येत नाही म्हणता, गुण समग्र वनस्पतीत असतो. हे अशक्य नाही. कोलकात्याच्या चाचणीत मिश्रणाचा आकडा एकट्या कर्क्युमिनपेक्षा वरचा होता, हे या आक्षेपकानं आपल्या बाजूनं जरूर मांडावं. मात्र ते त्याला कळलं ते चाचणीमुळेच. समग्रतेची परीक्षा घेता येत नाही असं नाही. ती घेतली गेली. जे कुठल्याही परीक्षेत अपयशी ठरूच शकत नाही, ते यशस्वीही ठरू शकत नाही.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र तर्काची तलवार म्यान करून बोलावं लागतं. ज्या बाईला दवाखाना तालुक्याला, तपासणी जिल्ह्याला आणि रेडिएशन मुंबईला, तिच्या हातातली मुळी तुम्ही कुठल्या तोंडानं काढून घेता? शिवाय मुळी काही विचारत नाही. कपडे काढायला लावत नाही, नवऱ्याबद्दल प्रश्न करत नाही, विषाणू आला कुठून याची चर्चा करत नाही. लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या विषाणूच्या रोगात हा आडोसा फार मोठा असतो. झाडपाल्याचं आकर्षण पुष्कळदा श्रद्धेचं नसून या लाजेपासून मिळणाऱ्या सुटकेचं असतं, असं मला वाटतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या फक्त १.९ टक्के स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी करून घेतल्याचं आढळलं. त्याचा दोष मुळीवर ढकलता येणार नाही. पण तपासणीनं काय होतं, हे आपल्याच मातीत मोजलेलं आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा स्मारक रुग्णालय आणि बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय यांनी गावांचे ५२ समूह पाडून १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. निष्कर्ष २००९ मध्ये आले. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची चाचणी देऊ केलेल्या सुमारे ३४ हजार स्त्रियांच्या गटात ३४ जणी या रोगानं गेल्या. तपासणी न झालेल्या सुमारे साडेएकतीस हजारांच्या गटात ६४.

त्या ६४ जणींवरून पुढे वैद्यकीय नीतीच्या वर्तुळात वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. व्यतिरेक पाटीवर मांडणं फुकट असतं. गावात मांडायचा तर त्याची किंमत कुणीतरी देतं. त्या गावांत तशीही तपासणीची सोय नव्हती, हे संशोधकांचं उत्तर ऐकून माझं पूर्ण समाधान होत नाही. पण या वादाचा अर्थ असा की, एकदा एवढी किंमत मोजून ज्ञान मिळाल्यावर ते नसल्यासारखं वागण्याची मुभा कुणालाच उरत नाही, ना सरकारला, ना मुळी विकणाऱ्याला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक लस २०२२ मध्ये मान्य झाली आहे. ती संसर्ग होण्याआधी उपयोगी, झालेल्या संसर्गावर नाही. चाळिशीच्या बाईला तपासणीच हवी. मुळी हातात राहू द्यावी, पण तिनं तपासणीची जागा घेतली की ती मुळी निरुपद्रवी राहत नाही.

कुणी म्हणेल, झाड आपल्याबद्दल उदासीन आहे असं एकदा मानलं की त्याच्याबद्दलचा आदरच संपला. मग वडाला सूत कशाला गुंडाळायचं? अनुभव याच्या उलट आहे. कॅम्पटोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही असतं, हे १९७२ मध्ये कळलं. त्यापूर्वी या झाडाकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. त्याचं लाकूड मोलाचं आहे हे कळल्यावर कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या जंगलांत त्याची तोड आणि चोरटी वाहतूक सुरू झाली. पॅसिफिक यूचंही तेच झालं. शंभर वर्षांच्या झाडाची सगळी साल सोलावी तेव्हा जेमतेम एका मात्रेपुरतं औषध निघे, आणि साल सोललेलं झाड मरे. युरोपीय यूच्या पानांतून कच्चा माल घेऊन औषध बनवण्याची युक्ती फ्रान्समध्ये सापडली, म्हणून ते झाड वाचलं. झाड आपल्यासाठी आहे या भावनेनं झाडं राखली गेल्याचं क्वचितच दिसतं. देवराया राखल्या गेल्या त्या देवाच्या म्हणून, काडीही घरी न्यायची नाही या धाकानं. तिथल्या झाडानं कुणाचं काही बरं करावं अशी अटच नव्हती. उपयोगावर टेकलेला आदर उपयोग कळताच कुऱ्हाड घेऊन येतो. उदासीन झाडाबद्दलचा आदर त्यापेक्षा जास्त धार्मिक आहे, असं म्हणायला मी तयार आहे.

वनस्पतीजन्य रेणूंकडून पुढे आशा आहे का? आहे, आणि ती कुठे आहे हे सांगता येतं. आर्टेमिसिनिनपासून केलेलं आर्टेसुनेट योनिमार्गात ठेवण्याच्या स्वरूपात अमेरिकेतल्या २८ स्त्रियांना देऊन पाहिलं गेलं. त्यांच्या पेशींत कर्करोगापूर्वीचे मध्यम ते तीव्र बदल झालेले होते. २०२०च्या निष्कर्षांनुसार १९ जणींमध्ये ते बदल मागे हटले. औषध घरी, स्वतःच्या हातानं घेता येतं, शस्त्रक्रिया टळू शकते, आणि लाजेचा प्रश्नही बराच हलका होतो. आपल्याकडच्या खेड्यांना याहून सोयीचं काही सुचणार नाही. पण त्या अभ्यासात प्लासिबोचा गट नव्हता, आणि अशा बदलांपैकी मध्यम प्रतीचे बदल दोन वर्षांत निम्म्या स्त्रियांमध्ये आपोआप मागे जातात, असं २०१८च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं आहे. म्हणून पुढची चाचणी प्लासिबोसह, मोठ्या संख्येनं, आणि उद्या ती धाराशिवात झाली तर तिथल्या प्रत्येक स्त्रीची एचपीव्हीची तपासणी करून व्हायला हवी. औषधानं गुण न आलेल्या बाईसाठी छोटी शस्त्रक्रिया त्याच तालुक्यात हाताशी हवी. कुपीतलं औषध दवण्याच्या भाऊबंदातून आलं आहे, हे तिला सांगायला हरकत नाही. पण शंभरांतल्या किती जणी काही न करताही बऱ्या होतात, आपल्या वाट्याला रिकामी कुपी येऊ शकते, आणि तशी आली तर आपल्यावर नजर कोण ठेवणार आहे, हेही तिच्या बोलीत, तिच्या अंगणात बसून सांगितलं पाहिजे. आणि त्यावर ती नाही म्हणाली तर तिचं नाव वहीतून वगळून तिच्या उपचारांची सोय तितकीच नीट केली पाहिजे.